दुसरी सरसर

“मास्तरांना सांगू नका हं,” कस्तुरीवहिनी म्हणाल्या आणि त्यांनी वर्गाच्या दाराला आतून कडी घातली. “कानात सतत काहीतरी सरसरतं.”

शाळेचा सहावी ‘ब’चा वर्ग कलाकारांना बसायला दिला होता. बाकांवर साड्यांच्या पिशव्या, हार्मोनियमची खोळ, डब्यांची उतरंड. फळ्यावर कुणीतरी सुट्टी लागताना आकाशकंदील काढून ठेवला होता. बाहेर मैदानावर दिवाळी पहाटेचा मांडव उभा राहत होता. बांबू ठोकल्याचा आवाज येत होता, आणि त्यावर बापूमामाचं ओरडणं.

मी त्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. होऊन सांगलीला मामाकडे आले होते. मामाची साऊंड सर्व्हिस होती. नोकरी लागेपर्यंत बसून काय करायचं म्हणून मी त्याच्याबरोबर कार्यक्रमांना जाऊ लागले, आणि दोन-चार महिन्यांत मैदानाच्या मधोमध ठेवलेला मोठा मिक्सर माझ्याच ताब्यात आला. मामा स्पीकर आणि जनरेटर बघायचा.

‘स्वरपालवी’ हा वाद्यवृंद आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. संचालक जयवंत भोकरे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. कस्तुरी त्यांची बायको आणि वृंदातली मुख्य गायिका. त्यामुळे वादकांपासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांची ती वहिनी. मी वयानं चार-पाच वर्षांनी लहान, मीही वहिनीच म्हणायचे.

आमच्या भागातल्या गायिका तेव्हा स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरमधून स्वतःचं गाणं ऐकत. वहिनींच्या कमरेला मात्र एक छोटी पेटी असायची, म्हणजे बिनतारी रिसीव्हर, आणि त्यातून निघणारे दोन चिमुकले इअरफोन कानात. हे सगळं मास्तरांनी बायकोसाठी बाहेरून मागवलं होतं आणि प्रत्येक कार्यक्रमात निवेदकाला ते सांगायला लावत. ते स्वतः विंगेत छोट्या मिक्सरपाशी बसत. वहिनींच्या कानात काय जाणार ते तिथून ठरे. त्या मिक्सरला सूचना देण्यासाठी एक माईक होता. बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. त्यावर बोललेलं फक्त वहिनींना ऐकू येई. दुसरं कडवं गाळ, लय वाढव, असलं काहीतरी. ऐकलं, हे कळवायला वहिनी हातातल्या माईकवर नखानं दोन टिचक्या मारत. मैदानातल्या मोठ्या स्पीकरमधून त्या खिळा ठोकल्यासारख्या वाजायच्या. मला राग यायचा. एवढी चांगली गाणारी बाई आणि ही कसली सवय, असं वाटायचं.

“सरसर म्हणजे कशी?” मी विचारलं.

“पीठ चाळल्यासारखी.”

“गाणं चालू असताना, की नसताना पण?”

“नसताना जास्त कळते.”

“पेटीवरचं बटण फिरवून आवाज कमी केला की सरसर कमी होते?”

“नाही. तेवढीच राहते.”

“मग ती गाण्यातली नाही,” मी म्हटलं, “पेटीतली आहे. हे इअरफोन फार नाजूक असतात. पेटीच्या अॅम्प्लिफायरचा स्वतःचा जो बारीक आवाज असतो ना, तोही त्यांना ऐकू येतो. साध्या इअरफोनला नसता आला. माझ्याकडे इलाज आहे.”

“मला वाटलंच होतं तुमच्याकडे असणार,” त्या म्हणाल्या आणि पेटी, वायर, इअरफोन सगळं कमरेचं-कानातलं सोडून माझ्यापुढे ठेवलं. हातातला बिनतारी माईक मात्र त्यांनी बटण बंद करून मांडीवर धरून ठेवला.

मी सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवलं आणि तोवर इअरफोनची तोंडं साफ करायला घेतली. तिथली जाळी मळानं बुजते, मग एका बाजूचा आवाज बसतो.

“डाव्यात डग्गा ऐकूच येत नाही,” वहिनी म्हणाल्या. “तबल्याची चाट तेवढी येते.”

“मळ असेल.”

सुईच्या टोकावर निघालं ते मळाच्या रंगाचं नव्हतं. काळपट लाल होतं, नखानं चुरडलं तर भुकटी झाली. मी वर बघितलं.

“कान वाहतो माझा,” त्या म्हणाल्या. “लहानपणापासून.”

कानाच्या पडद्याला भोक असलं की खालचे सूर जातात, वरचे राहतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. मी जाळी पुसत राहिले. तासाभरापूर्वीच मास्तरांनी, तबलजी उशिरा आला म्हणून, त्याचाच तबला सुरात लावायचा हातोडा त्याच्या दिशेनं फेकला होता. तो त्याच्या डोक्यावरून जाऊन मांडवाच्या बांबूत चिरफळी पाडून खाली पडला. सगळे हसले. तबलजीही हसला. वहिनींनी त्याला तांब्याभर पाणी नेऊन दिलं. मामा माझ्या कानाशी म्हणाला होता, “तापट आहेत मास्तर, पण मनात काही ठेवत नाहीत.”

इलाज साधा होता. वायरच्या मध्ये दोन रेझिस्टर घालायचे. आवाज आणि सरसर दोन्ही दबतात. मग पेटीचा आवाज वाढवायचा. गाणं पुन्हा जागेवर येतं, सरसर खालीच राहते. मी ते वहिनींना सांगत होते. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. दोनदा त्यांनी खिडकीतून स्टेजकडे बघितलं.

“झालं. घालून बघा.”

त्यांनी घातलं, लगेच काढलं. “पुष्कळ फरक आहे. पण तुम्हीच घालून बघा ना. तुम्हाला त्यातलं कळतं. जरा वेळ ठेवा कानात.”

मी माझ्याकडची नवी रबरी बोंडं चढवून इअरफोन कानात घातले. सुरेख शांतता होती. बांबूंचा आवाज, मामाचं ओरडणं, सगळं बाहेर राहिलं. मी मनातल्या मनात खूश झाले. वहिनी समोरच्या बाकावर, गुडघे जुळवून, माझ्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या.

मग सरसर आली.

ही वेगळी होती. वहिनींनी सांगितलेली पहिली सलग होती, ही अचानक उगवली. एखाद्या खोलीचं दार उघडावं तशी. म्हणजे कुणीतरी विंगेतला माईक चालू केला होता. पहिली सरसर होती तोवर ही तिच्याखाली झाकलेली असणार. दुसरा काही अर्थ माझ्या मनात यायच्या आत आवाज आला.

“घातलंस का कानात? टिचकी मार.”

मास्तरांचा आवाज. स्टेजवर ते शुद्ध, मोजकं बोलत. हा घरचा आवाज होता. मी हललेही नाही, पण माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. वहिनींनी मांडीवरचा माईक उचलला, चालू केला आणि दोन टिचक्या मारल्या. बाहेर मैदानात खिळा ठोकल्यासारखा आवाज झाला.

“हां. दुपारी त्या तबलेवाल्याला पाणी कशाला दिलंस गं? मरत हुता तहानेनं? माणसं हुती म्हणून गप बसलो. डावा फुटला तवा किती दिवस गाता आलं नव्हतं, आठवतंय न्हवं? उजवा अजून शिल्लक हाय. उद्या एक सूर हलला, तर घरापतोर बी जात न्हाई. गाडीतच घेतो उजवा. टिचकी मार.”

त्यात राग नव्हता. हार्मोनियमवर ‘सा’ दाखवताना माणूस बोलतो तसं तो बोलत होता.

वहिनींनी माझ्या डोळ्यांत बघत दोन टिचक्या मारल्या आणि माईक बंद केला. सरसर बंद झाली.

मी इअरफोन काढले. सोल्डरिंग आयर्नखाली बाकाचं लाकूड करपत होतं, ते मी उचलून बाजूला ठेवलं.

“ऐकलंत?”

“हो.”

“सगळं?”

“हो, वहिनी.”

“वहिनी नका म्हणू,” त्या म्हणाल्या. “निदान आत्ता तरी.”

“हे कधीपासून?”

“हे मशीन आल्यापासून. आधी घरीच चालायचं. आता गाताना पण बोलतो. मी वरचा सूर धरलेला असतो तेव्हा सांगतो, आज काय करणार ते.”

“कुणाला सांगितलं नाहीत?”

“भावाला सांगितलं होतं. आला होता तरातरा. ह्यानं त्याला जेवायला बसवलं, मटण केलं होतं, मग दोन गाणी ऐकवली. जाताना भाऊ मलाच म्हणाला, सोन्यासारखा माणूस आहे गं, जरा समजून घे.” त्यांनी पदराच्या टोकानं माईक पुसला. “ह्या पेटीतला आवाज बाहेर काढता येतो का?”

“बाहेर म्हणजे?”

“मैदानात. सगळ्यांना.”

मी विचार केला. आमच्या सामानात तसलीच एक जादा पेटी होती, वेळेला असावी म्हणून. ती त्याच फ्रिक्वेन्सीवर लावली तर वहिनींच्या कानात जे जाईल तेच त्या पेटीतही येईल. तिथून एक वायर माझ्या मिक्सरला. एक फेडर, म्हणजे आवाजाची सरकती खिटी, वर.

“काढता येतो,” मी म्हटलं. “पण एकदा गेला की परत घेता येत नाही. आणि तो तुम्हाला मारेल.”

“मारतोच की.” त्या पहिल्यांदा हसल्या. “उद्या मी उजव्या कानातलं काढीन. काढलं तर करा. नाही काढलं तर करू नका. माझ्या आधी नाही. कबूल?”

“कबूल.”

त्यांनी कडी काढली आणि बाहेर जाऊन कुणाला तरी मोठ्यानं विचारलं, “चहा आला का रे?”

संध्याकाळी मी मामाला सगळं सांगितलं, उद्याचा बेतही. तो जनरेटरच्या पट्ट्याशी वाकला होता, उभाही राहिला नाही.

“नवरा-बायकोतलं आहे, वृंदा. आपण साऊंडवाले. उद्या तू मिक्सर बघ, बाकी काही बघू नकोस.”

“तिचा एक कान त्यानं फोडलाय, मामा.”

“असं ती सांगते.”

“तो सांगतो. मी ऐकलंय.”

“चुकून काहीतरी ऐकलं असशील,” मामा म्हणाला आणि पट्टा ओढायला लागला.

पहाटे मैदान भरलं. उटण्याचा आणि मोगऱ्याच्या अत्तराचा वास, नव्या कपड्यांची करकर, मांडीवर पेंगणारी मुलं. पुढच्या रांगेत गावातले डॉक्टर, वकील, त्यांच्या पैठण्या नेसलेल्या बायका. स्टेजच्या कडेनं रांगोळी आणि झेंडूच्या माळा. मी जादा पेटी खिशात ठेवली होती. तिच्यातले इअरफोन एक माझ्या कानात, एक गळ्यात. तिच्या वायरमध्येही मी तसलेच रेझिस्टर घातले होते.

मामा मिक्सरपाशी आला तेव्हा तंबोरे लागत होते. मी काही न बोलता गळ्यातला इअरफोन त्याच्या कानात घातला. तो झटकणार होता. तेवढ्यात सरसर आली.

“काय नटलीस गं,” आवाज म्हणाला. “कुणासाठी? टिचकी मार.”

स्टेजवर कस्तुरी मोरपंखी साडीत बसली होती. तिनं दोन टिचक्या मारल्या. मामानं स्टेजकडे बघितलं, मग विंगेकडे, मग पुन्हा स्टेजकडे. आवाज आणखी काही बोलला. ते मी इथे लिहीत नाही. मामानं इअरफोन काढून माझ्या हातात दिला, व्हॅनकडे गेला आणि गुंडाळलेली वायर घेऊन आला.

“ही घे,” म्हणाला. “लांब आहे, पुरेल.” मी ती इअरफोनच्या जोडीनं पेटीतून मिक्सरला लावली. मामा मग जनरेटरकडे गेलाच नाही. विंगेच्या मागच्या शिडीपाशी जाऊन उभा राहिला.

पहिला अभंग झाला. ललतचे सूर थंड हवेत असे उभे राहत होते की पेंगणाऱ्या मुलांनीही माना वर केल्या. माझ्या कानात तेच सूर होते आणि त्यांच्या मध्ये मध्ये, दार उघडावं तशी ती सरसर, आणि तो. आलाप संपवून ती श्वास घ्यायची त्या जागा त्याला पाठ होत्या. तिथेच तो बोलायचा.

दुसऱ्या गाण्याच्या शेवटी तिनं टिचकी मारली नाही.

“टिचकी,” तो म्हणाला. तिनं तंबोरेवालीकडे बघून मान डोलावली, जणू ऐकलंच नाही. मग माझ्या कानात एकदम फाडल्यासारखा आवाज झाला. त्यानं आवाज पूर्ण वर नेऊन माईकवर जोरात फुंकर मारली होती. कस्तुरीची मान एका बाजूला झटकली गेली. पण तेवढंच. त्या दोन रेझिस्टरांनी सरसरीबरोबर पेटीचा जास्तीत जास्त आवाजही खाली आणला होता. आदल्या दिवशी हीच फुंकर कानात खिळ्यासारखी गेली असती. तिलाही ते कळलं असावं. तिनं सरळ माझ्याकडे बघितलं आणि तिसरं गाणं सुरू केलं.

तिसरं गाणं मी आयुष्यात विसरणार नाही. ती गात होती आणि तो सबंध वेळ बोलत होता. आता लय, कडवं असलं निमित्तही नव्हतं. घरी गेल्यावर आधी काय करणार, मग काय करणार. कुठल्या वस्तूनं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळे मिटून ताल धरत होती. माझं बोट फेडरवर होतं आणि घामानं घसरत होतं. कबूल केलं होतं, तिच्या आधी नाही.

टाळ्या पडल्या. बराच वेळ पडत राहिल्या. निवेदक उठायला लागला.

“टिचकी मार,” माझ्या कानात आवाज आला.

ती बसून राहिली.

“मार म्हणतोय न्हवं.”

कस्तुरीनं डाव्या हातानं उजव्या कानावरचे केस मागे सारले, इअरफोन काढला आणि खांद्यावर सोडला. मग मांडीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

मी फेडर वर नेला.

आधी सरसर आली. सगळ्या मोठ्या स्पीकरमधून एकदम, आख्ख्या मैदानावर वाळू ओतावी तशी. लोकांनी वर बघितलं, एकमेकांकडे बघितलं. मग आवाज आला.

“भैरी झालीस काय गं? का दुसरा पण फोडून घेतीस? त्या दिवशी पाय धरलेस म्हणून एका कानावर भागलं. आज धर पाय, बघू कोण सोडतंय. उलथणं तापवून कानात…”

तो थांबला. स्वतःचा आवाज त्याला मैदानावरून परत ऐकू आला होता. पण बटण तसंच चालू होतं. सरसर चालू होती आणि त्या सरसरीत त्याचा श्वास, आत-बाहेर, आत-बाहेर, शाळेच्या भिंतीवर आपटून येत होता. कुणीही हललं नाही. ताल धरणाऱ्या म्हातारीचा हात हवेत तसाच होता.

मग तो बाहेर आला. ओरडला नाही, धावला नाही. वाटेतला माईकचा स्टँड त्यानं उचलला, तळाची लोखंडी चकती वर येईल असा उलटा धरला आणि कस्तुरीच्या मागे जाऊन मारला.

पहिला घाव खांद्यावर बसला. ती पुढे, स्वतःच्या माईकवर कोसळली. दुसरा त्यानं डोक्याच्या उजव्या बाजूला उगारला. नेमका उजव्या. तबलजी बसल्या जागेवरून तबल्यावरून पुढे झेपावला आणि त्यानं हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज कस्तुरीच्या माईकनं पकडला आणि सगळ्या मैदानाला दिला. चकती तरीही घसरत तिच्या भुवईला लागली. झेंडूच्या माळेवर रक्त उडालं. तिसरा घाव उगारला तेव्हा मामा मागून आला. त्यानं त्याची कंबर धरली आणि दोघं फिरत, कनाती फाडत, विंगेत त्या छोट्या मिक्सरवर जाऊन पडले.

तेव्हा कुठे मैदान जागं झालं. खुर्च्या पडल्या. पुढच्या रांगेतली माणसं, नवे झब्बे घातलेली, कपाळाला गंध लावलेली, स्टेजवर चढली आणि विंगेत घुसली. मला आता काही दिसत नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं, कारण विंगेतला तो माईक अजून चालूच होता.

मांसावर लाथ बसल्याचा आवाज वेगळा असतो. तो लाकडासारखा नसतो, ओल्या पोत्यासारखा असतो. ते आवाज एकामागून एक मैदानभर येत होते. कापड फाटलं. कुणीतरी म्हणालं, “कान धर त्याचा, कान.” कुणीतरी हसलं. “सरका, मला एक मारू दे.” मामाचा आवाज आला, “बास करा, मरेल!” आणि मग त्याचा, फुटक्या तोंडाचा, “कस्तुरी, सांग की गं ह्यास्नी. कस्तुरी…” मग पुन्हा ओलं पोतं. माझ्या समोर एक बाई आपल्या मुलाचे कान दोन्ही हातांनी झाकून उभी होती.

माझं बोट फेडरवरच होतं. फेडर खाली आणायला जोर लागत नाही, लोण्यातून बोट फिरवल्यासारखा तो येतो. मी आणला नाही.

कस्तुरी उठली. एक हात खांद्याला धरून ती स्टेजच्या पायऱ्या उतरली आणि पडलेल्या खुर्च्यांमधून माझ्याकडे चालत आली. लोक वाट देत होते. भुवईतून रक्त डोळ्यात, गालावरून साडीवर उतरत होतं. ते ती पुसत नव्हती. मिक्सरपाशी येऊन तिनं विचारलं, “कुठलं?”

मी दाखवलं.

तिनं एका बोटानं फेडर खाली ओढला. सगळं एकदम दूर गेलं. विंगेतून येणारे आवाज आता लहान, उघडे, दुसऱ्याच गावातले वाटत होते.

“माईकवरून सांगा त्यांना,” ती म्हणाली. “थांबा म्हणावं. मला तो जिवंत पोलिसांत द्यायचाय.”

मी माझ्या माईकवरून ते शब्द तसेच सांगितले. पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा तिनं माईक माझ्या हातातून घेतला आणि स्वतः सांगितलं, गाताना लावायची त्या सुरात, न ओरडता. मग लोक थांबले.

खटला चालला. मैदानभर लोकांनी ऐकलं होतं, त्यामुळे साक्षीला कमी पडलं नाही. त्यात ज्यांनी विंगेत हात धुवून घेतले तेही होते. भोकरे तुरुंगात गेला. तबलजीचं हाड जुळलं पण डग्गा पूर्वीसारखा वाजला नाही. मला पुण्याला नोकरी लागली. तिथे मी नाजूक इअरफोनच तपासत असे. सरसर कुठून येते, किती येते, कशानं दबते.

बऱ्याच वर्षांनी मिरजेला गेले होते तेव्हा कस्तुरीच्या क्लासवर गेले. भुवईत पांढरी रेघ होती. मुली रियाजाला बसल्या होत्या. माझ्याशी बोलताना ती उजवा कान माझ्याकडे करून बसली. चहा पिताना मी सहज म्हटलं, “तुमची ती सरसर कमी केली, तिथून माझं हे काम सुरू झालं बघा.”

“कमी?” ती म्हणाली. “ती कुठं कमी झाली? डावा फुटला त्या दिवसापासून आहे. पेटी नसताना पण होती. आत्ता पण आहे, तुम्ही बोलताय त्याच्यामागे.”

मी कप खाली ठेवला. बटण फिरवल्यावर कमी होते का, एवढंच मी विचारलं होतं. पेटी काढून ठेवल्यावर थांबते का, हे विचारलंच नव्हतं.

“मग मला पेटी कशाला दिलीत?”

“नवरा मारतो म्हटलं की लोक समजूत घालतात. माझा भाऊ बघा की, जेवून गेला.” तिनं एका मुलीला हातानं सूर वर घ्यायची खूण केली. “मशीन बिघडलंय म्हटलं की मात्र कुणीतरी कानाला लावून बघतं.”

मी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

“आणि तुम्ही तर,” ती हसत म्हणाली, “आधी सोल्डरिंगच करत बसलात! मी आपली खिडकीतून बघतेय, हा पाच मिनिटांत बोलेल, आणि ह्या बाईचं आपलं चाललंय, हा रेझिस्टर असा, तो रेझिस्टर तसा.”